मला कावीळ झालीच नव्हती

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दारू पिऊन फलाटाच्या बाकावर आडव्या झालेल्या एका पोलिसाची चित्रफीत गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीनदा फिरली. टोपी खाली पडलेली, पट्टा सुटलेला. खाली हसणारी तोंडे आणि एकाचा शेरा : 'हे आपल्या टॅक्सचे पैसे.' मी काही लिहिले नाही. ग्रुपवर मला सगळे फौजदारकाका म्हणतात. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी त्या बाकावर मीच होतो, फक्त तेव्हा शूटिंग करायला प्रत्येकाच्या हातात फोन नव्हता, हे त्यांतल्या कुणालाही ठाऊक नाही.

मी १९८९ साली रेल्वे पोलिसांत शिपाई म्हणून लागलो आणि ३१ मे २०२५ ला सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. पश्चिम आणि मध्य, दोन्ही मार्गांवर नोकरी झाली. ठाण्यांची नावे लिहीत नाही. माझेही नाव छापू नये ही विनंती, मुलीचे लग्न ठरते आहे.

रेल्वे पोलीस म्हणजे पाकीटमार पकडणारे, असा लोकांचा समज. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसे मरतात. कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून पडून, कुणी आपणहून. प्रत्येकाची अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते, पंचनामा होतो. त्यासाठी स्टेशन मास्तरचा मेमो घेऊन कुणीतरी शिपाई खडीवर उतरतो. गाडी तोवर पुढे गेलेली असते.

१९९६ च्या पावसाळ्यात बॉडी उचलणाऱ्या दोघांनी क्वार्टरशिवाय हात लावणार नाही म्हणून सांगितले. त्यांना मी दोष देत नाही, शुद्धीत ते काम कोण करील? क्वार्टर खिशातल्या पैशाने आणली, कापडही खिशातल्याच पैशाने. काम झाल्यावर बाटलीत थोडी उरली होती. "घ्या साहेब, नाकातला वास जाईल," म्हणून एकाने ती पुढे केली. मी घेतली. वास खरेच गेला. माळकरी बापाचा मुलगा मी, त्याआधी चव माहीत नव्हती.

पंचनाम्यात अंगावरच्या वस्तू लिहाव्या लागतात. 'उजव्या पायात काळ्या रंगाची चप्पल, डाव्या पायातील चप्पल मिळून आली नाही.' हे वाक्य मी किती वेळा लिहिले त्याला गणती नाही. डबा सापडतो, पास सापडतो, एकदा तर चालू घड्याळ सापडले. चपलेचा जोड मात्र बहुतेक वेळा पुरा होत नाही. पुढे पुढे असे झाले, की रात्री घरी आलो की आधी दारातल्या सगळ्या चपला जोडीने लावायचो. बायकोच्या, मुलीच्या, शेजारच्या पोरांच्यासुद्धा. एखादी कमी भरली तर मुलीला झोपेतून उठवून विचारायचो. ती तेव्हा पाच वर्षांची. बायको म्हणायची, सगळ्यांचे नवरे पिऊन सामान फेकतात, आमचा आवरत बसतो.

११ जुलै २००६ ला सात लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा मी पश्चिमेला होतो. त्या रात्रीबद्दल लिहिणार नाही. त्यानंतर काही दिवस वरिष्ठ आमच्याशी हळू आवाजात बोलत होते, चहा सांगत होते, एवढे आठवते. मोठ्या प्रसंगानंतर विचारपूस होते हो. पण मला त्या एका रात्रीने प्यायला लावले नाही. मंगळवारी एक, गुरुवारी दोन, रविवारी मेगाब्लॉक म्हणून एकही नाही, असा तो हिशेब होता. त्याची विचारपूस कोण करणार? ती तर ड्यूटी.

मग सकाळच्या पाळीआधीही लागायला लागली. कसुरी अहवाल गेले, वेतनवाढ थांबली, एकदा निलंबन झाले. निलंबन म्हणजे साधारण अर्धा पगार आणि अख्खा दिवस मोकळा. पिणाऱ्या माणसाला अख्खा दिवस मोकळा! ही शिक्षा ज्याने काढली त्याच्या घरात कुणी पीत नसावे.

दर श्रावणात सोडायचो. गटारीला 'आता शेवटची' म्हणून जास्तच व्हायची आणि तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागायचे, घामाने अंथरूण भिजायचे. २०११ च्या श्रावणात स्टेशन डायरी लिहिता लिहिता फिट येऊन खुर्चीतून खाली पडलो. सोंग करतोय म्हणाले. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केली तर फिट येते, भ्रम होतो, जीवसुद्धा जाऊ शकतो. अशा माणसाने डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडायची असते, हे मला वर्षाने कळले. बाकीचे पत्र जागेअभावी कापलेत तरी चालेल, एवढे वाक्य ठेवा.

ऑगस्ट २०१२ मध्ये मेहुण्याने मला पुण्याला मुक्तांगणमध्ये नेले. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवड्याला सुरू केलेले ते व्यसनमुक्ती केंद्र तुमच्या वाचकांना माहीत असेल. पस्तीस दिवस राहायचे असते. पस्तीस दिवसांची रजा कशावर मागायची? ओळखीच्या डॉक्टरने विचारले, "काय लिहू?" आणि त्यानेच लिहिले : कावीळ.

पहिला आठवडा चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागत होता. तिसऱ्या आठवड्यात गटात बोलण्याची पाळी आली तेव्हा चपलांचे सांगून टाकले. वाटले, हसतील. शेजारी अग्निशमन दलातला एक जवान होता, तो म्हणाला, "मी रात्री सहा वेळा उठून सिलिंडर बंद आहे का बघतो. गेल्या वर्षी बायकोनं चूल मांडू का विचारलं." मग सगळेच हसले, आम्ही दोघेही. आमचे समुपदेशक स्वतः एके काळचे पिणारे. ते नंतर बाजूला घेऊन म्हणाले, दारू सुटेल, पण चपला राहतील, त्याचे वेगळे औषधपाणी करावे लागेल. मानसोपचारतज्ज्ञांकडे गोळ्या चालू झाल्या. बायको सहचरींच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या बायकांच्या, गटात जाऊ लागली. तिथे ती काय बोलली ते मी आजवर विचारलेले नाही.

परत हजर झालो तर टेबलावर उसाचा रस. कुणी मुळा खा म्हणाले, साहेबांनी तर त्यांच्या गावाकडच्या कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता लिहून दिला. सगळे प्रेमाने चालले होते आणि मला रस गिळवत नव्हता. खोट्या दाखल्याने माझी नोकरी वाचली, हे मी नाकारत नाही. पण पुढची तेरा वर्षे माझ्या डोळ्यांदेखत पोरे पिऊ लागली, आणि त्यांतल्या एकालाही मी चारचौघांत सांगू शकलो नाही, की बाबा, मी अमुक ठिकाणी गेलो आणि बरा होऊन आलो. कारण मी गेलोच नव्हतो. मला कावीळ झाली होती.

आता कायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येतच घेतल्या आहेत. शरीराच्या आजाराच्या बरोबरीने वागवावे, माहिती गुप्त ठेवावी, हे रुग्णाचे हक्क आहेत. २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, त्यावर रात्री-अपरात्रीही बोलता येते. हे सगळे चांगलेच आहे. पण नंबर दिला की शिपाई पहिला प्रश्न विचारतो, "साहेबांना कळेल का?"

पिणाऱ्याच्या हातात हत्यार कसे द्यायचे, असे कुणी म्हणेल. देऊच नका. पहिल्या दिवशी काढून घ्या. मी म्हणतो ते एवढेच, की हत्यार काढून घेतल्यावर त्या माणसाला घरी बसवू नका, उपचाराला पाठवा. ती रजा खऱ्या आजाराच्या नावाने वैद्यकीय रजा म्हणून मंजूर करा, आणि बरा होऊन आलेल्याची बढती त्या कागदावरून अडवू नका. नंतरच्या फॉलोअपला जायला महिन्यातून एक दिवस पाहिजे, तोही 'घरगुती कारण' न लिहिता. आणि बॉडीची ड्यूटी त्याच त्या दोन शिपायांच्या गळ्यात वर्षानुवर्षे मारू नका. गरीब, न बोलणारा शिपाई बघूनच ती दिली जाते, हे ठाण्यातल्या चहावाल्यालाही माहीत असते. १०८ च्या रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर आणि चालक, अग्निशमन दलाचे जवान, यांचेही थोड्याफार फरकाने हेच आहे, पण मी माझ्या खात्यापुरते बोलतो.

होणारच नाही असे काही नाही. आठ तासांची ड्यूटी पोलिसांत कधी शक्य आहे का, असे आम्हीच म्हणायचो. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने कागद मांडला, तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो नीट वाचला, आणि २०१६ साली देवनारला आठ तासांची पाळी सुरू झाली.

माझ्या निवृत्तीच्या नवव्या दिवशी, ९ जूनला, मुंब्र्याच्या वळणावर भरलेल्या लोकलमधून माणसे पडली. मेलेल्यांत रेल्वे पोलिसांतलाच एक शिपाई होता. त्यानंतर महिनाभराने, माझ्या हाताखाली काम केलेल्या एका पोराचा रात्री अकरा वाजता फोन आला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला. मग म्हणाला, "काका, बायको म्हणते आता सोडा नाहीतर मी माहेरी जाते. ॲडमिट व्हायची तयारी आहे माझी. फक्त सर्टिफिकेटवर काय लिहून आणू?"

छत्तीस वर्षे नोकरी केलेला माणूस मी. कावीळच लिहून आण, असे त्याला सांगितले.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार, कल्याण