वाक्याच्या शेवटचं ‘नाही’

मुलुंड,
रविवार, रात्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल रात्री फोनवर “कार्यक्रम छान झाला” एवढंच बोलून ठेवून दिला. गाडीत होते, आवाज नीट येत नव्हता, हे खरंच. पण आणखी दोन वाक्यं बोलले असते तर डब्यातच रडू आलं असतं. म्हणून आज लिहायला बसले. आई, हे पत्र बाबांना वाचून दाखव. मोठ्याने आणि सावकाश. का ते पुढे कळेल.

प्रभादेवीला, रवींद्र नाट्यमंदिराच्या मिनी थिएटरात कथांचं अभिवाचन होतं. चार कलाकार, चार कथा, सगळ्या अलीकडच्या, बहुतेक दिवाळी अंकांतून आलेल्या. रंगमंचावर एक स्टँड, त्यावर कागद, बाजूला पाण्याचा पेला, वरून एक दिवा. नेपथ्य नाही, संगीत नाही. शनिवारची संध्याकाळ, बाहेर पाऊस, तरी शंभरावर माणसं आली होती. सुरुवातीला संयोजक म्हणाले, न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर सिम्फनी स्पेस नावाचं थिएटर आहे, तिथे १९८५ पासून नामवंत नट-नट्या अशाच कथा वाचतात, तिकीट काढून लोक ऐकतात आणि पुढे ते रेडिओवरही लागतं. ऐकून बरं वाटलं, पण मनात आलं ते आपलंच. बाबा, तुम्ही कोल्हापूरला शिकत असताना शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांना एका मंचावर ऐकलंत, ते मला किती वेळा सांगितलंय! ते कथाकथन. लेखक स्वतःचीच कथा सांगणार, तीही पाठ, समोरची गर्दी बघून खुलवत. कालची गोष्ट वेगळी होती. कथा दुसऱ्याची, हातात कागद, आणि त्यातला एक शब्दही इकडचा तिकडे करायचा नाही. खुलवायला जागाच नाही. मला वाटतं, त्यामुळेच वाचणारा लेखकाशी प्रामाणिक राहतो.

पहिल्या दोन कथांबद्दल फार लिहीत नाही. पहिला नट उत्तम, पण प्रत्येक पात्राला वेगळा आवाज द्यायला गेला आणि त्या आवाजांतच कथा हरवली. दुसरी कथा वाचायला चांगली असेल, ऐकायला लांब होती. चौथीला लोक खूप हसले.

तिसरी कथा मात्र मी जन्मभर विसरणार नाही. एका ज्येष्ठ अभिनेत्रीने वाचली. लालबागची चाळ पाडायला घेतलेली, बिऱ्हाडं एकेक करून हललेली. एका बाईला सामान बांधताना फडताळात शेजारणीची वाटी सापडते. कधीतरी साखर घालून आलेली, परत द्यायची राहिलेली. वाटीवर नाव घातलेलं, शेजारणीच्या सासूचं. ही बाई ती वाटी पदराखाली धरून बदलापूरला निघते, शेजारणीच्या नव्या ब्लॉकवर. गाडी बदलते, लिफ्टमध्ये अडकता अडकता वाचते, दारापर्यंत पोचते. आतून हसण्याचा आवाज येत असतो, नव्या शेजाऱ्यांचा. शेवटचं वाक्य एवढंच: तिने बेल वाजवली नाही.

सभागृहात कोणी हललं नाही. टाळ्या वाजायला बराच वेळ लागला. नाटकात घर एकच असतं, नेपथ्यकाराने उभं केलेलं, सगळे तेच बघतात. इथे शंभर माणसांनी शंभर चाळी पाहिल्या असतील. माझ्या डोळ्यांसमोर लालबाग नव्हतंच. आपली ओटी होती.

संपल्यावर मी धीर करून स्टेजवर गेले आणि त्या बाईंना कागद बघू द्याल का म्हणून विचारलं. त्यांनी हातातच दिले. एका बाजूला छापलेली सुटी पानं, मोठा टाइप, ओळींमध्ये भरपूर जागा. पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं, म्हणजे माइकमध्ये फडफड येत नाही. एकही वाक्य पानाच्या शेवटी तुटलेलं नव्हतं, त्यांनी तसंच टाइप करून घेतलं होतं. शिसपेन्सिलीने खुणा केलेल्या: एक तिरकी रेघ म्हणजे छोटा श्वास, दोन म्हणजे थांबायचं. मिनिटाला सव्वाशेच्या आसपासच शब्द वाचतात, म्हणजे तीन हजार शब्दांच्या कथेला जवळजवळ पंचवीस मिनिटं. आणि त्या जे म्हणाल्या ते मी परळहून गाडी पकडल्यापासून घोकते आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ त्याच्याही नंतर. आपल्याला वाक्य संपवताना आवाज पाडायची सवय. मग नेमका अर्थच गिळला जातो. आला की आला नाही, तेच ऐकू येत नाही. नवखे लोक त्या ‘नाही’आधी मुद्दाम थांबतात, तेही बाईंना पटत नाही. त्या म्हणाल्या, “श्वास शेवटच्या अक्षरापर्यंत पुरवायचा, बस.”

आई, त्याच क्षणी तुझा आवाज ऐकू आला गं. मे महिन्यात ओटीवर फणसाचे पापड लाटायला पाखाडीतल्या बायका जमायच्या. तुझ्या वाटचे पापड त्या लाटायच्या आणि तू वाचायचीस, वाचनमंदिरातून आणलेलं पुस्तक नाहीतर दिवाळी अंक. गोदाकाकू लाटणं हातात तसंच धरून थांबायच्या. तू कधी वाक्याचा शेवट खाल्ला नाहीस. आवाज बदलायची नाहीस, रडक्या प्रसंगी रडवेली व्हायची नाहीस. हे तुला कोणी शिकवलं होतं?

आणि दहावीच्या वर्षी मी माजघरातून ओरडले होते, “आई, मनात वाच ना!” तू लगेच मनात वाचायला लागलीस. माझी परीक्षा मार्चमध्ये संपली. तू परत कधी मोठ्याने वाचलं नाहीस. हे मला काल, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, लक्षात आलं. मी तेव्हा बोलले ते चुकलं, आई.

बाबा, आता तुमच्याशी. जुलै २०२१ च्या पुरात वाचनमंदिरात पाणी शिरलं आणि आपल्याही घरात. खालच्या कपाटातले तुमचे सगळे दिवाळी अंक गेले. तुम्ही ते अंगणात पसरून एकेक पान सुटं करत होतात, ते अजून दिसतं मला. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तिथपासूनचा इतिहास तुम्ही मला तोंडपाठ करवला होतात. पुरानंतर दोन वर्षांतच तुमच्या डोळ्यांच्या पडद्याचं निघालं. कडेचं दिसतं, पण जिथे बघावं तिथलंच अक्षर पुसलं जातं. तुम्ही कधी तक्रार केली नाहीत. गेल्या दिवाळीला मी अंक घेऊन आले तेव्हा हातात घेतलात, वास घेतलात आणि “मुखपृष्ठ छान आहे” म्हणून बाजूला ठेवलात. मी तेव्हा काहीच बोलले नाही. काय बोलायचं ते सुचलं नव्हतं.

काल सुचलं. या पत्रासोबत सहा कथा पाठवते आहे, सगळ्या गेल्या दोन वर्षांतल्या अंकांमधल्या. मोठ्या करून, एका बाजूला झेरॉक्स काढल्या आहेत, म्हणजे आई, तुलाही चष्म्याशी झटापट करावी लागणार नाही. पानं टाचली नाहीत, तशीच सुटी ठेवलीत. आकाशवाणीवरच्या श्रुतिका तुम्ही दोघं कान देऊन ऐकायचात, तशीच चारच्या चहानंतरची वेळ ठरवा. टीव्ही बंद. बाबांना मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या कथा लावून देता येतील, माहीत आहे मला, आणि तेही करू. पण त्या यंत्राला “मागचं वाक्य परत वाच गं” म्हणता येत नाही. आणि बाबांना तुझा आवाज पन्नास वर्षं माहीत आहे.

घसा आता पूर्वीसारखा राहिला नाही असं म्हणशील. कोमट पाणी जवळ ठेव, त्या बाईसुद्धा ठेवतात. चुकलीस तर चुकलीस, ऐकणारे बाबाच आहेत. गोदाकाकूंना बोलावलंत तर फारच छान.

पुढचं अभिवाचन दिवाळीनंतर आहे. तुतारी एक्स्प्रेसने रात्री बसलात की सकाळी दादर, मी स्टेशनवर घ्यायला येईन. त्याचं नंतर ठरवू.

पाकिटात एक शिसपेन्सिलही टाकली आहे. खुणा मी केलेल्या नाहीत, त्या तूच कर, तुझ्या श्वासाप्रमाणे. पहिली कथा अठरा पानांची आहे. दहाव्या पानावर थांबून बाबांना औषध दे, मग पुढची वाच.

तुमची,
सुमा