दर सेकंदाला तोच आकडा कशाला मागायचा?

मा. संपादक, स.न.वि.वि.

पावसाळा आला की पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी खडकवासल्यातून किती क्यूसेक सोडलं हाच विषय, आणि हल्ली इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टपण त्यावरच करतात, हवामानाच्या एपीआयवरून (म्हणजे प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या सर्व्हरकडे डेटा मागायची सोय) पावसाचे आकडे आणायचे, नकाशावर नदीपात्रातला भिडे पूल लाल करायचा वगैरे. आयडिया झकास. पण एक्स्टर्नल परीक्षक म्हणून जाऊन बसलं की बऱ्याच कोडमध्ये एकच प्रकार दिसतो, स्क्रीन रिफ्रेश झाली की नवी रिक्वेस्ट, बटण दाबलं की नवी रिक्वेस्ट, आणि मग ऐन डेमोत सर्व्हरकडून 429 हा एरर कोड, म्हणजे फुकटचा कोटा संपला. पोरं म्हणतात सर नेट स्लो आहे! अरे, पावसाचा अंदाज काय दर सेकंदाला बदलतो का?

एक छोटा क्लास (कोडचा वेगळा तुकडा) लिहायचा आणि बाकी सगळ्या कोडने बाहेरचं जे काही हवं ते त्याच्याकडेच मागायचं, बास. तो आधी साठवलेलं बघतो, ताजं असेल तर तेच देतो, नाहीतर सर्व्हरकडे जातो. ताजं किती वेळ धरायचं हे बऱ्याचदा सर्व्हरच सांगतो, उत्तरासोबत येणाऱ्या कॅश-कंट्रोल हेडरमध्ये मॅक्स-एज 600 (म्हणजे सेकंद) असेल तर दहा मिनिटं निवांत. मुदत संपल्यावरही जपून ठेवलेला ईटॅग (सर्व्हरने त्या उत्तराला दिलेली खूण) पाठवून विचारता येतं, काही बदललं नसेल तर नुसता 304 हा कोड येतो, डेटा परत येतच नाही. गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या एपीआयवर लॉगिनशिवाय तासाला 60च रिक्वेस्ट मिळतात, पण टोकन (लॉगिनची किल्ली) लावून असं विचारलं तर 304 वालं उत्तर कोट्यात धरत नाहीत. ही ईटॅगची सोय एचटीटीपी 1.1 या वेबच्या नियमावलीत 1997 पासून आहे हो, ही पोरं जन्मायच्या आधीपासून.

पायथनवाल्यांना तर रिक्वेस्ट्स-कॅश नावाची लायब्ररी आयती मिळते, साध्या सेशनच्या जागी कॅश्ड-सेशन टाकलं की उत्तरं एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलमध्ये जाऊन बसतात. फक्त एक गोम आहे, एक्स्पायर-आफ्टर (किती वेळाने शिळं धरायचं ते) दिलं नाही तर डिफॉल्टला मुदतच नसते, मग जूनमधला पाऊस ऑगस्टमध्येपण दिसत राहणार. आणि स्वतःचा क्लास लिहिणाऱ्यांनी 429 चं उत्तर साठवू नये, तेपण बघितलंय.

विसर्गाच्या आकड्याशेजारी तो किती वाजताचा आहे हे छापायलाच हवं, नदीकाठचा माणूस त्यावर गाडी हलवायची की नाही ते ठरवतो.

गाइड मंडळींना विनंती, पहिल्याच रिव्ह्यूला नेट बंद करून ॲप उघडायला लावा. साठवलेला आकडा आणि त्याची वेळ दिसली तरच पुढचं बघा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे