परराष्ट्रमंत्री साहेब, माझी आई तुमच्या सिस्टममध्ये नाही

मा. परराष्ट्रमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी अंबरनाथला राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला आहे. तुमच्याकडे वेळ नसतो हे माहितीये, म्हणून थेट विषयावर येते. माझी आई कुवेतमध्ये एका घरात चोवीस तासांची कामवाली आहे. परवा रात्री दीडला तिचा फोन आला, शेजारच्या बंगल्यातल्या श्रीलंकन बाईच्या मोबाईलवरून, एक मिनिटपण झालं नाही. हात भाजलाय, डॉक्टरकडे नेलेलं नाही, चार महिने पगार नाही, आणि मग "तू जेवलीस का गं". कट.

सकाळी नऊला मी सरकारच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. समोरच्यानं पासपोर्ट नंबर घेतला, टाईप केला आणि म्हणाला, मॅडम, यांची एंट्री सिस्टममध्ये नाही, या ऑफिशियली गेलेल्याच नाहीत.

गेलेल्याच नाहीत? मग एअरपोर्टवर तिच्या पासपोर्टवर शिक्का कोणी मारला?

कशी गेली ते सांगते, कारण एकटी माझी आई अशी गेलेली नाही. आई सातवी शिकलेली, त्यामुळे पासपोर्ट ईसीआर. म्हणजे आखाती देशात कामाला जायचं तर आधी सरकारचं इमिग्रेशन क्लिअरन्स पाहिजे. बाईमाणूस आणि घरकाम असेल तर वय ३० च्या वर, ते आईचं होतं, ४३. पण ऑगस्ट २०१६ पासून तुमच्याच खात्याचा नियम आहे की घरकामाला बायका पाठवायच्या त्या फक्त सरकारी एजन्सीमार्फत. त्या वेळच्या पहिल्या यादीत केरळ होतं, तामिळनाडू, आंध्र, तेलंगणा, उत्तर प्रदेश होतं. महाराष्ट्र नव्हता. आमच्या वस्तीत आजपर्यंत एकानंही सरकारी एजन्सीचा बोर्ड पाहिलेला नाही, एजंटचा नंबर मात्र किराणा दुकानाच्या भिंतीवर लिहिलेला आहे. त्यानं तिला व्हिजिट व्हिसावर दुबईला नेलं, तिथून पुढे कुवेत. पुढच्या दाराला तुम्ही कुलूप लावलं ते आमच्या बायकांच्या रक्षणासाठी, असं सांगता. मागच्या दारात एजंट उभा आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?

आणि क्लिअरन्स नाही म्हणजे काहीच नाही. दहा लाखांचा तो प्रवासी विमा नाही, ई-मायग्रेट या सरकारी वेबसाईटवर करार नाही, कोणत्या घरात आहे याची नोंद नाही.

तिकडचा कायदा मी वाचलाय, मोबाईलवर ट्रान्सलेट करून करून वाचलाय. कुवेतचा २०१५ चा ६८ नंबरचा कायदा. दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम, आठवड्याला एक सुट्टी, वर्षाला पगारी रजा, पासपोर्ट काढून घ्यायचा नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी कमीत कमी पगारही ठरला, महिन्याला ६० दिनार. आईला एजंटनं १२० सांगितले होते, तिकडे गेल्यावर ७० झाले, आता शून्य. ती सकाळी पाचला उठते आणि रात्री पाहुणे गेल्याशिवाय झोपत नाही. पासपोर्ट त्या घरच्या मॅडमच्या कपाटात, बताका म्हणजे तिकडचं ओळखपत्र, ते पण तिच्याकडेच. परत पाठवा म्हटलं की मॅडम म्हणते मी मक्तबला, म्हणजे कामवाल्या पुरवणाऱ्या तिकडच्या ऑफिसला, हजार दिनार मोजलेत तुझे, ते दे आणि जा. पहिल्या सहा महिन्यांत बाई पसंत पडली नाही तर मक्तबकडून पैसे परत मिळतात, वॉरंटीसारखं. आईचे सहा महिने कधीच संपले, आता मॅडमचे पैसे अडकलेत, म्हणून आई अडकलीय. घरातून पळाली तर फरारची केस आईवर, मॅडमवर नाही.

१० जून २०२१ ला तुम्ही कुवेतबरोबर घरकामगारांसाठी करार केला. चोवीस तास मदत मिळेल, दोन्ही देशांची कमिटी असेल, असं तेव्हा सांगितलं होतं. ती बातमी मी आईला वाचून दाखवली होती साहेब. त्या बातमीच्या भरवशावर मीच म्हणाले होते, जा, आता सरकार आहे पाठीशी. हे मी आता कोणाला सांगू?

डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान कुवेतला गेले, लेबर कॅम्पला भेट दिली. चांगलं केलं. पण आमच्या आया कॅम्पमध्ये नसतात ना, त्या एकेका बंगल्यात एकेकट्या असतात, किचनच्या मागच्या खोलीत, आणि तिथे कुठलाच कॅमेरा जात नाही. १२ जून २०२४ ला कुवेतमधल्या मंगाफला कामगारांच्या बिल्डिंगला आग लागली, आपली ४५ माणसं गेली, त्यांना आणायला वायुदलाचं विमान गेलं. तेही बरोबरच होतं. माझी आई जिवंत आहे, तिच्यासाठी विमान नको, त्या घराची बेल वाजवणारा एक माणूस पाठवा.

आणि मला विचारतात आई गेलीच कशाला. कल्याणमध्ये चार घरची धुणीभांडी करून महिन्याला नऊ हजार मिळायचे, त्यात दादाचं डायलिसिस. राज्यानं २००८ ला घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, आईनं रांगेत उभं राहून कार्ड काढलं, ते कार्ड अजून ट्रंकेत आहे आणि त्याचा एकदाही उपयोग झालेला नाही. घरकामगारांसाठी आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, १८९ नंबरचा करार २०११ ला झाला, भारतानं बाजूनं मत दिलं, आजपर्यंत मंजूर केला नाही. आपल्याच सोसायट्यांमध्ये बाईला वेगळा कप आहे, वेगळी लिफ्ट आहे, मग कुवेतच्या मॅडमशी आपण कोणत्या तोंडानं भांडणार? परदेशातून २०२२ साली १०० अब्ज डॉलरच्या वर पैसे देशात आले याचं तुम्ही सगळे कौतुक करता. त्यात माझ्या आईचे ७० दिनार पण आहेत. पैसे मोजताना ती सिस्टममध्ये असते.

मला तीन गोष्टी हव्यात. त्या घरी कोणीतरी जाऊन तिचा हात दवाखान्यात दाखवा. पासपोर्ट परत घ्या. चार महिन्यांचा पगार घेऊन तिला घरी पाठवा. एजंटवर केस मी इथे करीन, पोलीस स्टेशनला दोनदा जाऊन आलेय, तिसऱ्यांदा जाईन. पासपोर्टची कॉपी, व्हिसाची कॉपी आणि घराचं लोकेशन मी तुमच्या ऑफिसच्या मेलवर आज पाठवलंय.

कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथे अकरा वाजता घरातले झोपायला जातात, तेव्हा आपल्याकडे दीड वाजलेला असतो. मी दीडपर्यंत जागी असते, फोन हातात असतो. तुमच्या माणसानं त्याआधी केला तरी चालेल, कधीही करा, मी उचलीन.

तिची मुलगी,
अंबरनाथ