बाही उसवणाऱ्या नलूस

लंडन,
12 नोव्हेंबर 2017

प्रिय नलू,

सप्रेम नमस्कार. फोनवर बोलणं होतंच आपलं, तरी हे पत्रातच लिहायचं असं काल म्युझियमच्या पायऱ्या उतरतानाच ठरवून टाकलं. फोनवर बोलणं ऐन रंगात आलेलं असताना तू "थांब गं, गिऱ्हाईक आलंय" म्हणतेस आणि माझा धागा तुटतो. पत्रात तुला मला थांबवता यायचं नाही.

पत्रास कारण की, बाही. हसू नकोस. शिवणाच्या क्लासात असताना माझ्या त्या पिवळ्या ब्लाउजची बाही तू तीनदा उसवली होतीस, आठवतंय? मी म्हणत होते, खांद्यावर पदर येणार, कोण बघतंय आत काय ते? आणि तू दातात दोरा धरून एवढंच म्हणालीस, "हात वर केलास की कळेल." त्यानंतर मी तुझ्याशी आठ दिवस बोलले नव्हते. तर काल त्या खटल्याचा निकाल तुझ्या बाजूने लागला. न्यायाधीश स्पेनचे, नाव क्रिस्तोबाल बालेन्सियागा.

आता नीट सांगते. इथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मेपासून त्याने बेतलेल्या कपड्यांचं प्रदर्शन चालू आहे, फेब्रुवारीपर्यंत राहणार आहे. त्याने स्पेनमधल्या सान सेबास्तियनला पहिलं दुकान काढलं 1917 मध्ये आणि पॅरिसमधलं 1937 मध्ये. म्हणजे एकाला शंभर वर्षं झाली, दुसऱ्याला ऐंशी. शंभरावर कपडे आणि वीसेक टोप्या मांडल्यात. मुलगी म्हणाली, "आई, तासाभरात होईल." मी साडेतीन तास होते. ती शेवटी खाली कॉफी पीत बसली.

हा माणूस नावाजलेला डिझाइनर, पण मुळात शिंपीच, आपल्यासारखा. जन्म 1895 चा, बास्क किनाऱ्यावरच्या गेतारिया नावाच्या मासेमारीच्या गावातला. बाप खलाशी, तो लवकर गेला. आई लोकांचे कपडे शिवून घर चालवायची. हा तिच्या मशीनपाशीच वाढला. गावात उन्हाळ्याला येणारी एक मार्केसा, म्हणजे सरदारीण होती, कासा तोरेसची. तिच्याकडे आई शिवणाला जायची आणि तिथे या पोराने पॅरिसचे उंची कपडे पहिल्यांदा पाहिले. बाराव्या वर्षी शिंप्याकडे कामाला लागला. पुढे स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा पॅरिसला गेला. तिथे मोठा झाला तरी स्पेनमधल्या दुकानांचं नाव 'आयसा' होतं, आईच्या माहेरच्या आडनावावरून, एइसागिरेवरून. हे मला फार आवडलं. तुझ्या दुकानाच्या पाटीवर मात्र तुझ्या नवऱ्याचं नाव आहे, तो विषय पुन्हा कधीतरी.

पॅरिसचा दुसरा बडा डिझाइनर दिओर त्याला आम्हा सगळ्यांचा गुरू म्हणायचा. तिथलीच डिझाइनर शनेल सहसा कुणाचं कौतुक करणारी बाई नव्हती, पण तिचंही म्हणणं असं की बाकीचे नुसती चित्रं काढतात. कापड निवडणं, बेतणं, कापणं, जुळवणं आणि स्वतःच्या हाताने शिवणं हे सगळं येणारा हा एकटाच. आणि बाहीचं त्याला वेडच होतं. पुरा तयार झालेला कोट, बाही मनासारखी बसलेली नाही असं दिसलं की हा ती उसवून काढायचा आणि पुन्हा लावायचा. हे वाचलं आणि मी तिथे उभ्या उभ्या मोठ्याने हसले. शेजारच्या इंग्रज बाईने दोन पावलं लांब होऊन घेतलं.

आता खरा माल ऐक. निक व्हीझी म्हणून एक्स-रेने चित्रं काढणारा कलावंत आहे. त्याने या कपड्यांचे एक्स-रे काढलेत. माणसांचे काढतात तसेच, फक्त आत माणूस नाही. काळ्या पडद्यावर पांढुरका झगा, धुक्यासारखा. बाहेरून बघशील तर रेशमाचा तो घोळ असा अलगद उभा, जणू आत्ताच वाऱ्याने फुगवलाय. एक्स-रेमध्ये कळतं, वारा कसला आणि फुगवतो कसला! आत कमरेपाशी कडक पट्ट्या, घेराला आधार द्यायला कड्या, आणि घोळ नेमका तिथेच पडावा म्हणून शिवलेली छोटी छोटी वजनं. वजनं, नलू! आपण परकराच्या घेराला खाली भार यावा म्हणून रुंद दुमड घालायचो ना, त्याचीच ही राजेशाही बहीण. मी त्या एका चित्रासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणीतरी कारागिरीण खाली मान घालून बसली असेल, अंगुस्तान घालून तिने ते वजन अस्तराआड टाचलं असेल, आणि ते कुणाला दिसू नये हीच तिच्या कामाची परीक्षा. ती पासही झाली. इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही, यंत्र आणावं लागलं.

दुसरी गंमत बेताची, म्हणजे कपडा कापायच्या आराखड्याची. इथल्या लंडन कॉलेज ऑफ फॅशनच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या काही कपड्यांचे बेत पुन्हा काढले आणि ते पडद्यावर हलते केले. आधी सपाट तुकडा दिसतो, कागदावरच्या आकृतीसारखा. त्यावरून कोट होईल असं सांगूनही पटू नये. मग तो तुकडा हळूच उचलला जातो, दुमडतो, एक कड दुसरीला जाऊन भिडते आणि बघता बघता खांदा तयार! मी तेच तेच सात-आठ वेळा पाहिलं. त्याच्या कपड्यांत शिवण जिथे असणार म्हणून आपण बघतो तिथे नसतेच. 1961 मध्ये त्याने एकाच शिवणीचा कोट केला होता. एकच शिवण! आपल्या बाईंनी ऐकलं असतं तर वहीत लाल शेरा मारला असता.

कापडाचंही असंच. रेशीम म्हटलं की आपल्याला सुळसुळणारं, अंगाला बिलगणारं सुचतं. याला हवं होतं ते उलट, स्वतःच्या पायावर उभं राहणारं. म्हणून 1958 मध्ये झुरिकच्या अब्राहम कंपनीच्या गुस्ताफ झुमश्टेगबरोबर त्याने 'गझार' नावाचं नवं रेशीम तयार करवून घेतलं. जास्त पीळ दिलेल्या दुहेरी धाग्याचं, त्यामुळे ताठ, पण वजनाला हलकं. त्याचा एक काळा झगा आहे 1967 चा, चार टोकांचा, अगदी पाकिटासारखा. पाय तेवढे खालून बाहेर. असले दोनच विकले गेले म्हणतात आणि त्यातलाही एक ग्लोरिया गिनेसने परत केला, कारण तो घालून बाथरूमला जाता येईना. बघ, एवढ्या मोठ्या गुरूलासुद्धा गिऱ्हाइकाने माल परत केलेला आहे. पुढच्या वेळी कुणी ब्लाउज परत आणला तर हे आठव.

पण तो झगा सोड. माझा जीव अडकला तो साध्या लोकरी सूटांत. 1951 च्या सुमारास त्याने जॅकेट असं बेतलं की पुढून अंगाशी आणि पाठीमागून सैल. तेव्हा दिओरच्या चिमटलेल्या कमरेची चलती होती. आत कंबर आवळणारं कॉर्सेट, वर श्वास कोंडलेला. याने हळूहळू कंबरच सोडवली. 1957 मध्ये तर सरळ पोत्यासारखा झगा काढला, लोकांनी नावं ठेवली. त्याच्याकडे येणाऱ्या बायका काही विशीतल्या नव्हत्या. त्याला बाईचं थोडंसं पोट आवडतं, असं त्याच्या इथले लोकच सांगत. गळपट्टी तो मानेपासून जरा सुटी ठेवायचा, म्हणजे मान लांब दिसते आणि मोत्यांची माळही झाकत नाही. बाही मनगटाच्या वर थांबवायचा, बांगड्या दिसाव्यात म्हणून. कापड आणि अंग यांच्यामध्ये जी थोडी हवा राहते ना, ती तो बेतायचा. मला वाटतं त्याचं सगळं काम त्या हवेतच आहे. तू माप घेताना टेपमध्ये एक बोट घालतेस, तेच ते बोट.

मला एक गोष्ट मात्र आवडली नाही. सगळं काचेआड आणि मिणमिणत्या उजेडात. जुनं रेशीम जास्त उजेडाने विरतं, म्हणून दिवे मंद ठेवावे लागतात हे मला कळतं. पण शिवणाऱ्या बाईला कपडा आधी उलटा करून बघायचा असतो. तुला नेलं असतं तर तू पहाऱ्यावरच्या माणसाशी भांडली असतीस. मी काचेवर नाक लावून बघत होते, त्याने नम्रपणे सांगितलं की जरा मागे उभं राहा. दोनदा सांगितलं.

वरच्या मजल्यावर पुढच्या पिढ्यांतल्या तीसेक डिझाइनरांचे कपडे आहेत, याच्या प्रभावाचे. ते मी भराभर बघितले. कूरेझ आणि उंगारो याच्याच कामशाळेत तयार झाले, जिवांशीशी त्याची दाट मैत्री. त्यांच्या कामात हाताचं वळण दिसतं, ते खरं. पण बाकी कितीतरी ठिकाणी मला वाटलं की फुगीर दिसलं की लगेच बालेन्सियागाचा वारसा असं म्हणण्यात काही अर्थ नाही. फुग्यालाही मग तोच वारसा. आकार उचलता येतो गं, पण तो आकार आत कशावर उभा आहे ते उचलायला खालच्या मजल्यावरच्या एक्स-रेसमोर बसावं लागतं. हे माझं मत, मुलीला पटलं नाही. तिच्या मते मी म्हातारी झाले आहे.

स्वतः बालेन्सियागा मात्र कमालीचा अबोल. शो संपल्यावर लोकांसमोर यायचा नाही, मुलाखती द्यायचा नाही. त्याच्या दालनात बोलणंही दबक्या आवाजात चालायचं. कपडे दाखवणाऱ्या मुलींनी हसायचं नाही, अशी सक्त ताकीद. 1957 च्या सुमारास तर त्याने पत्रकारांना माल गिऱ्हाइकांच्या महिनाभर नंतर दाखवायला सुरुवात केली, लोक आधीच नकला करतात म्हणून. माणूस तिरसट असणार. तुझ्याशी पटलं असतं, तुम्ही दोघं दिवसभर एकमेकांशी काही न बोलता छान काम केलं असतंत.

आणि 1968 मध्ये, एअर फ्रान्सच्या हवाईसुंदरींचे गणवेश केले त्याच वर्षी, त्याने एकाएकी पॅरिसचं दुकान बंद केलं. तयार कपड्यांचे दिवस आले होते, ते त्याच्या हाताला मानवेनात. मोना बिस्मार्क म्हणून त्याची जुनी गिऱ्हाईक होती. ती बातमी ऐकून तीन दिवस खोलीचं दार लावून बसली होती म्हणतात. चार वर्षांनी, 1972 मध्ये तो गेला. त्याच्या आदल्याच वर्षी या म्युझियममध्ये सेसिल बीटन या छायाचित्रकाराने बायकांकडून मागून मागून जमवलेल्या कपड्यांचं प्रदर्शन भरवलं होतं. बालेन्सियागाचे कपडेही त्यात होते, म्हणजे आपलं काम काचेआड गेलेलं त्याच्या हयातीतच घडलं. आवडलं असेल का त्याला? मला शंका आहे.

इथे मी येऊन थांबले, कारण मागच्या महिन्यात तू फोनवर म्हणाली होतीस की आता शटर ओढावं म्हणते. लोक फक्त तयार पँटची उंची कमी करायला येतात, त्याला नलू कशाला हवी, कुणीही टीप मारून देईल. मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलले, "अगं, होतं असं," वगैरे. मला त्याची लाज वाटली. आताही मी तुला ठेव किंवा बंद कर असं काही सांगणार नाही, तुझे डोळे आणि तुझी पाठ मला माहीत आहेत. एक मात्र सांगायचं राहिलंय इतकी वर्षं. तो पिवळा ब्लाउज माझ्याकडे अजून आहे. रंग गेलाय, हुक दोनदा बदलले, कडेच्या शिवणी मी सैल करत करत कापड संपवलं. बाहीला मात्र कधी हात लावावा लागला नाही. काल रात्री घरी येऊन तो बॅगेतून काढला आणि उलटा करून बघितला. मुंढ्याला आतून तुझे हातटाके आहेत, बारीक, एकसारखे. मशीनच्या टिपेवरून पुन्हा हाताने घातलेले. हे तू कधी केलंस? मला सांगितलंही नाहीस.

असो. सोबत वहीतला कागद पाठवते आहे. एका कोटाचं चित्र उतरवायचा प्रयत्न केलाय, पाठीमागून आणि बाजूने. बाही वेगळी लावलेली नाही, अंगाच्याच कापडातून निघते, आणि बगलेत एक छोटी कळी, वेगळा तुकडा, जोडलेली असावी असं मला वाटतं. काचेतून नीट दिसेना. पण कळी असेल म्हणूनच हात वर केल्यावर पाठ ओढली जात नसेल का? मी वर्तमानपत्राचा कागद कापून बघितला, माझा खांद्याशी फाटला. तू जुन्या चादरीवर करून बघ आणि मला कळव, की कळी तिरक्या धाग्यावर घ्यायची की उभ्या. घाई नाही, पण फार लांबवूही नकोस.

तुझी,
सुधा

ता. क. : काळी गोल गोल वळत जाणारी एक टोपी होती, 1962 ची, गोगलगाईच्या शंखासारखी. ती मी डोक्यावर घातल्याचं चित्र मुलीने काढलंय. ते मुद्दाम पाठवत नाही.