अंगात जोर येईपर्यंत थांबू नका

ती. आई-बाबा,

सा. नमस्कार.

फोनवर विषय काढला की आई म्हणते, "अंगात त्राणच नाही, व्यायाम कसला करतेय!" आणि मागून बाबांचा आवाज येतो, "जरा बरं वाटू दे, मग बघू." मी वाद घालायला लागले की तुम्ही दोघं शिताफीने विषय बदलता. म्हणून हे लिहून पाठवतेय.

तुमचा थकवा म्हणजे आळस नाही, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणूनच आधी डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-12 तपासून घ्या. हिमोग्लोबिन बायकांमध्ये 12 च्या आणि पुरुषांमध्ये 13 च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. "वय झालं, चालायचंच" म्हणून ते सोडून द्यायचं नसतं. बाबा, तुम्ही इतकी वर्षं साखरेसाठी मेटफॉर्मिन घेताय. त्या गोळीने काहींचं बी-12 कमी होतं, तेव्हा तेवढं मुद्दाम विचारा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि सर्दीच्या जुन्या गोळ्यांनीही मरगळ येते. जाताना सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, पण आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका. आणि बाबा घोरता घोरता मध्येच श्वास अडकल्यासारखे गप्प होतात, हे आई, तूच डॉक्टरांना सांग. ते स्वतः कबूल करणार नाहीत!

तपासणीत काही निघालं तर त्यावर उपचार होतील. नाही निघालं, तर मात्र "आधी बरं वाटू दे" हे गणित उलटं मांडावं लागेल. वयानुसार स्नायू कमी होतातच, आणि बसून राहिलं की आणखी भराभर होतात. मग जिना चढणं, बादली उचलणं एवढ्यातच सगळी ताकद खर्च होते, आपण दमतो आणि दमलो म्हणून पुन्हा बसतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता. सतत थकवा जाणवणाऱ्या, बैठ्या सवयीच्या लोकांना त्यांनी आठवड्यातून तीनदा 20 मिनिटं सायकल चालवायला लावली. सहा आठवड्यांत त्यांचा थकवा कमी झाला, आणि जोरात चालवणाऱ्यांपेक्षा हळू चालवणाऱ्यांचा जास्त. ती माणसं तरुण होती, त्यामुळे तुमचंही तंतोतंत तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण सुरुवात हळू केली तर चालते, एवढं त्यातून घ्या.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. तो आकडा सध्या विसरा. एक भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या कडेला बसा, पावलं जरा मागे घ्या, कमरेतून पुढे झुका आणि पायांवर जोर देऊन उठा. बाबा, सोफ्यावरून उठताना तुम्ही दोन्ही हातांनी रेटा देता आणि वर "हुश्श" करता ना, तो रेटा पायांनी द्यायचा. आणि खाली धपकन बसायचं नाही, सावकाश बसण्यातच निम्मा व्यायाम आहे. चार-पाचदा झालं की बास. जमायला लागलं की हात छातीशी दुमडून 30 सेकंदांत किती वेळा उठता ते मोजा. 70 ते 74 वयात बायकांचे 10 पेक्षा आणि पुरुषांचे 12 पेक्षा कमी भरले, तर पायांतली ताकद कमी पडतेय असं धरतात. तुमची दोघांची चुरस लागणार हे मला आत्ताच दिसतंय.

चालायचं ते ज्याला ज्या वेळी त्यातल्या त्यात बरं वाटतं त्या वेळी. आई सकाळी टवटवीत असते, बाबांना दहा वाजेपर्यंत जग नको असतं. बरोबरच निघायला हवं असा काही नियम नाही. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. अगदीच नको वाटलं तर पाच मिनिटं चालून परत फिरा. तेही धरायचं.

छातीत दुखलं, गरगरलं, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. आणखी एक. थोडंसं चालूनही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नसेल, आणि असं वारंवार होत असेल, तर नेट लावून वाढवत जाऊ नका. काही आजारांत श्रमांनी थकवा उलट बळावतो, तिथे हा माझा सगळा सल्ला गैरलागू आहे.

रक्ततपासणीसाठी कधी जाताय ते कळवा. रिपोर्ट आले की फोटो काढून पाठवा, आणि बाबा, या वेळी सगळी पानं पाठवा, फक्त चांगली आलेली नाहीत.

तुमची,
लेक