टॅब घेताना आधी त्याच्या कडा बघा

ती. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. न.

कोणता टॅब घ्यायचा ते फोनवर सांगितलं तर अर्धं विसरायला होईल आणि दुकानात उभं राहिल्यावर समोरचा सांगेल तेच खरं वाटेल, म्हणून लिहून पाठवते आहे. जाताना हा कागद खिशात असू द्या.

दुकानदार आधी स्क्रीन दाखवेल, मग मेगापिक्सेल सांगेल. सांगू द्या. नंतर टॅब हातात घ्या आणि चारही कडांवरून बोट फिरवा. बाबांचे वायरवाले इअरफोन, भजनांचे पेन ड्राइव्ह, जुन्या कॅमेऱ्यातली कार्डं टॅबला चालणार की कपाटात पडून राहणार, हे त्या कडांवर ठरतं.

पहिलं बघायचं ते इअरफोनचं गोल भोक, म्हणजे ३.५ मिलिमीटरचा जॅक. महागड्या टॅबमधून तो कधीच गेला, मधल्या किमतीच्या काही टॅबमध्ये अजून आहे. नसेल तर दुकानदार ‘ब्लूटूथ घ्या’ म्हणेल. ब्लूटूथचे कानात घालायचे इअरबड रोज चार्ज करावे लागतात आणि एक हरवला की जोडी वाया जाते. जॅक नसलेलाच टॅब आवडला, तर सी-टाइपचा छोटा जोड मिळतो, पण तो ‘डॅक’, म्हणजे डिजिटल माहितीचा आवाज करणारी चिप, असलेलाच मागा. साध्या स्वस्त जोडात ती चिप नसते, आणि असा जोड बऱ्याच टॅबवर मुकाच राहतो. इअरफोनची पिनही बघून घ्या. तिच्यावर तीन रेघा असतील तर त्यात माइक असतो. दोनच असतील तर ते फक्त ऐकायचे, बोलताना आवाज टॅबच्या माइकमधून जाईल.

दुसरं, चार्जिंगचं सी-टाइप भोक. बाहेरून सगळ्या टॅबची भोकं सारखीच दिसतात, आतली कुवत मात्र निरनिराळी असते. स्वस्त आणि मधल्या टॅबमध्ये बहुतेक वेळा यूएसबी २.० असतं, कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात दहा जीबीचे फोटो उतरवायला पाचेक मिनिटं लागतात. तुमच्या कामाला तेवढं पुष्कळ झालं, वेगासाठी जास्त पैसे घालू नका. पेन ड्राइव्ह लावायला मात्र टॅबमध्ये ओटीजी, म्हणजे बाहेरची वस्तू जोडून वाचायची सोय, हवी, आणि पेन ड्राइव्हची मोठी पिन सी-टाइपमध्ये बसावी म्हणून एक छोटा जोडही लागतो. असा जोड शंभर-दोनशे रुपयांत येतो, दोन आणून ठेवा.

पेन ड्राइव्ह लावल्यावर ‘फॉरमॅट करा’ असा संदेश आला तर घाईने ‘हो’ दाबू नका, सगळी भजनं पुसली जातील. बहुधा तो पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरवर एनटीएफएस पद्धतीने तयार केलेला असतो आणि बऱ्याच अँड्रॉइड टॅबना ती पद्धत वाचता येत नाही. आधी त्यातलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, मग पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून परत भरायचं. फॅट३२ सुद्धा चालतं, पण त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, म्हणजे लग्नाचा अख्खा व्हिडिओ अडकणार. फिरती तबकडी असलेली जुनी पोर्टेबल हार्ड डिस्क टॅबला लावायच्या भानगडीत पडू नका. तिला लागणारी वीज टॅब देऊ शकेलच असं नाही. मग ती नुसती टकटक करते, कधी मध्येच बंद पडते.

टीव्हीला वायरने जोडायचं म्हणाल, तर इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. सी-टाइप ते एचडीएमआय वायर कुठेही मिळते, पण चित्र बाहेर पाठवायची सोय टॅबच्या भोकात असावी लागते. तिला डिस्प्लेपोर्ट म्हणतात. ती नसेल तर वायर कितीही भारी आणा, टीव्ही काळाच राहील. दुकानदाराने ‘चालेल’ म्हटलं तर तिथल्याच टीव्हीवर चालवून दाखवायला सांगा. घरचा टीव्ही स्मार्ट असेल तर वायरवाचूनही चित्र दिसतं, त्यामुळे याच्यासाठी बजेट वाढवायची गरज नाही.

कार्डाची खाच असलीच पाहिजे. साधारण ६४ जीबीच्या टॅबमध्ये सिस्टीमच बरीच जागा खाते आणि उरलेली व्हॉट्सॲपच्या सुप्रभाताने भरते. मायक्रोएसडी कार्डावर फोटो, गाणी, व्हिडिओ ठेवता येतात. व्हॉट्सॲप मात्र तिकडे हलत नाही, म्हणून आतली जागा १२८ जीबी मिळत असेल तर तीच घ्या. कार्ड ओळखीच्या दुकानातून, बिलासकट घ्या. बनावट कार्डावर ५१२ लिहिलेलं असतं आणि आत ३२ निघतात, वरचे फोटो कधी गायब झाले ते कळतही नाही. आणि बाबा, जुन्या कॅमेऱ्यातलं कार्ड टपाल तिकिटाएवढं आहे, टॅबची खाच नखाएवढ्या कार्डासाठी असते. त्याला सी-टाइप कार्ड रीडर वेगळा लागेल.

उदाहरणादाखल सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ प्लस बघा. २०२३ चा आहे, ११ इंची स्क्रीन, गोल जॅक आहे, कार्डाची खाच आहे, वजन अर्ध्या किलोच्या आत. टीव्हीला वायरने जोडता येत नाही. दुकानात त्याच्या नंतरचं मॉडेल दाखवलं तर वरच्या गोष्टी त्यात आहेत का ते पुन्हा तपासा, नवीन म्हणजे सगळं शाबूत असं नसतं. आयपॅड यंत्र म्हणून उत्तम, पण कार्डाची खाच त्यात कधीच नव्हती आणि साध्या आयपॅडमधून २०२२ साली जॅकही गेला. तुमच्याकडच्या वस्तू बघता तो तुमच्या कामाचा नाही, शेजारच्यांनी कितीही कौतुक केलं तरी.

चार्जर हल्ली बऱ्याचदा डब्यात नसतो, आधीच विचारा. ए९ प्लसची बॅटरी ७०४० एमएएच, म्हणजे सुमारे २७ वॅट-तास. घरातला जुना ५ वॅटचा चार्जर लावलात तर कागदावरच साडेपाच तास होतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त. टॅब १५ वॅटपर्यंत घेतो, म्हणून तेवढा चार्जर पुरे. ६५ वॅटचा लावला तरी टॅब स्वतःच्या मर्यादेपेक्षा जास्त ओढत नाही.

आई, तुला तो स्वयंपाकघरात लागणार, म्हणून स्टँडवर आडवा उभा करून चार्जिंगची पिन कुठे येते ते दुकानातच बघ. खाली आली तर वायर दुमडून भोक सैल होतं. बाजूला आलेली बरी. समोरचा कॅमेराही लांब कडेच्या मधोमध असावा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर तू सारखी दुसरीकडेच बघतेस असं आम्हाला वाटेल. भोकात पीठ किंवा कापूस गेला तर टॅब बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढ. सुई अजिबात नको, आतली जीभ वाकते.

सिमवाला टॅब घेऊ नका, वाय-फायवाला पुरतो. वीज गेली तर बाबांच्या फोनचं हॉटस्पॉट चालू करा. यूपीआयला बँकेत नोंदवलेलं सिम त्याच यंत्रात लागतं, म्हणून पैशांचे व्यवहार फोनवरच राहू द्या, ते मला जास्त सुरक्षितही वाटतं. व्हॉट्सॲप टॅबवर ‘लिंक्ड डिव्हाइस’ म्हणून क्यूआर कोडने जोडायचं. फोनवरचं व्हॉट्सॲप चौदा दिवस उघडलंच नाही तर टॅबवरचं तुटतं, एवढं लक्षात ठेवा. आणि बाबा, नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्यासाठी अंगठ्याचं यंत्र टॅबला जोडायची गरज नाही. जीवन प्रमाणमध्ये २०२१ पासून चेहरा दाखवून काम होतं आणि ते तुमच्या फोनवरही होतं.

जाताना पिशवीत इअरफोन, एक भजनांचा पेन ड्राइव्ह, सी-टाइप जोड आणि घरचा चार्जर घ्या. पैसे द्यायच्या आधी काउंटरवरच्या टॅबला एकेक लावून बघा: गाणं ऐकू येतं का, पेन ड्राइव्हमधल्या फाइली दिसतात का, चार्जिंगची खूण येते का. लावू देत नसतील तर शेजारचं दुकान आहेच. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि त्याचा फोटो मला पाठवा.

तुमची,
धाकटी