एकाच कानाने ऐकणारं लेकरू ओळखणाऱ्या अंगणवाडीताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात, लहान मुलांचं ऐकणं-बोलणं तपासणारी मंडळी. पत्र तुम्हालाच आहे. तरी ते सगळ्यांसमोर ठेवतोय, कारण तुम्ही केलेलं काम बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंत कुठल्याही अंगणवाडीत करता येण्यासारखं आहे.

एक कान धड असलेल्या लेकराबद्दल घरात कुणाला शंका येत नाही. मागून थाळी वाजवली की ते दचकतं, हाक मारली की ओ देतं. मग आजी म्हणते, "ऐकू येते न त्याले! उशिरा बोलन, त्याचा बापबी असाच होता." तुम्ही यावर थांबला नाहीत. हाक डावीकडून आली तरी मान उजवीकडेच वळते, हे तुम्ही टिपलंत. दोन वर्षं झाली तरी शब्द सुटेच आहेत, "पाणी दे", "आई आली" अशी जोडी लागत नाही, हेही टिपलंत. ही खूण फार मोलाची आहे. जर्मनीत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा मुलांचा पहिला शब्द साधारण वेळेवरच आला होता, पण दोन शब्दांची जोडणी सरासरी पाच महिने मागे पडली होती. आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. ऐन कापूस वेचणीत आदल्या संध्याकाळी घरी निरोप देऊन लेकरू त्या दिवशी हजर ठेवलंत, त्याबद्दल तुमचे विशेष आभार.

"एक कान आहे न चांगला, मग बोलणं का अडते?" हे तुम्हाला गावात पुन्हा पुन्हा विचारतात. खराब कानाच्या बाजूने आलेला आवाज डोक्याला वळसा घालून चांगल्या कानाशी पोचतो, आणि त्यात बारीक, उंच पट्टीचे आवाज गळतात. स, श, त, थ, फ हे त्यातलेच. आपल्या मराठीत तर अर्थ शब्दाच्या शेपटीवर असतो: घरात, घराशी, घराला, घराचा. शेपूट नीट ऐकू आली नाही की लेकराला "घर" कळतं, पण घराचं काय ते निसटतं. भरीला मिक्सर, टीव्ही, टिनावरचा पाऊस. दोन कान असले की गोंगाटातून बोलणं वेगळं काढता येतं, एका कानाला ते फार जड जातं. अमेरिकेत २०१० साली सहा ते बारा वर्षांच्या अशा मुलांची त्यांच्याच भावंडांशी तुलना झाली, तेव्हाही बोली भाषेचे गुण कमी निघाले. म्हणून "शाळेत गेलं की आपोआप सुधरन" हे आम्हाला मान्य नाही.

तुम्ही घरोघरी जाऊन जे शिकवलंत ते आम्ही दवाखान्यात बसून शिकवू शकलो नसतो. टीव्ही बंद करायचा, हातभर अंतरावर, चांगल्या कानाच्या बाजूला बसायचं, मगच बोलायचं. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो, त्यामुळे चुलीपाशी बसून ओसरीवरच्या लेकराशी बोलणं जवळपास वाया जातं. लेकरू "भूभू" म्हणालं की "हो, भूभू पळाला" असं एक शब्द वाढवून परत द्यायचं. प्रश्न विचारला की मनात पाच-सात आकडे मोजून वाट पाहायची. आपणच उत्तर देऊन टाकलं की लेकराची पाळी जाते.

अंगावर पिणाऱ्या बाळाबद्दल तुम्ही मायला दाखवलंत ते तर आम्ही आता सगळ्यांना सांगतो. डाव्या बाजूला पाजताना बाळाचा उजवा कान हाताखाली दबतो आणि डावा वर उघडा राहतो. उजव्या बाजूला पाजताना याच्या उलट. पाजायचं दोन्हीकडे, पण गाणी-गप्पा चांगला कान उघडा असतो त्या बाजूला जास्त. पाळण्यातही तसंच: चांगला कान माणसांकडे, खराब कान भिंतीकडे.

ऐकण्याच्या मशीनचं काम बारकाईचं आहे, आणि तेही तुम्ही निभावलंत. १३ नंबरच्या सेलची नारिंगी पट्टी काढली की एक मिनिट हवा लागू द्यायची, मग बसवायचा. शिटी वाजली तर बहुतेक वेळा साचा, म्हणजे कानात बसणारा मशीनचा भाग, सैल झालेला असतो; कान वाढतो, तान्ह्या बाळाचा साचा दोन-तीन महिन्यांतही बदलावा लागतो. आवाज कमी करून शिटी थांबवली तर मशीन असून नसल्यासारखं. साचा तेवढा वेगळा काढून कोमट साबणपाण्याने धुवायचा, नळीत थेंब राहू द्यायचा नाही. रात्री सिलिका जेलच्या डबीत. मे महिन्यात टिनाच्या घरात खिडकीत ठेवायचं नाही. कान अगदीच बंद असेल, म्हणजे त्याने काहीच ऐकू येत नसेल, तर साध्या मशीनचा उपयोग होत नाही, हे घरच्यांना आधीच सांगितलेलं बरं.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दलही तुम्ही स्पष्ट बोललात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांची आहे, त्यामुळे एका कानावर त्या हेलपाट्यांतून सहसा काही हाती लागत नाही. ते आम्हाला योग्य वाटत नाही, पण मजुरी बुडवून रांगेत उभं राहण्याआधी मायला हे माहीत असायलाच हवं.

आता चांगल्या कानाविषयी, कारण खरी धास्ती त्याचीच. सर्दीने त्या कानात पाणी साचलं तर लेकरू काही आठवडे दोन्हीकडून कमी ऐकतं. म्हणून सर्दीनंतर "काय? काय?" वाढलं किंवा कान वाहू लागला तर थांबायचं नाही, लगेच पाठवा. गरम तेल, लसणाचं तेल, काडी, पिन काहीही कानात नाही. पोळ्याच्या, गणपतीच्या डीजेजवळ उभं करायचं नाही. आवाज कुठून आला हे या लेकराला कळत नाही, तेव्हा ट्रॅक्टरच्या रस्त्यावर हात धरूनच.

पुढच्या जूनमध्ये तुमचं हे लेकरू जिल्हा परिषदेच्या शाळेत जाईल. गुरुजींना द्यायची चिठ्ठी आम्ही सहीशिक्क्यानिशी पाठवतोय: खराब कान भिंतीकडे, चांगला कान गुरुजींकडे आणि वर्गाकडे, पंखा आणि रस्त्याच्या खिडकीपासून दूर, फळ्याकडे तोंड करून बोलू नये. त्याआधी हेडफोन लावून तपासणी करून घेऊ. तपासणीच्या कागदावर एक गोष्ट तुम्हीही बघा. खराब कान तपासताना चांगल्या कानात खरखर सोडावी लागते, त्याला मास्किंग म्हणतात. ते केलं नाही तर चांगला कानच उत्तर देतो आणि बंद कानही थोडा ऐकतो असं दिसतं. मास्किंग केलं असेल तर कागदावरच्या आलेखात उजव्या कानाच्या गोलाऐवजी त्रिकोण आणि डाव्याच्या फुलीऐवजी चौकोन अशी खूण असते. ते दिसलं नाही तर बेधडक विचारा, कुणी रागावणार नाही.

तुमचे ऋणी,
डीईआयसीतली श्रवण-वाचा विभागाची मंडळी